डावा पाय नगरपालिकेचा

"उतर! उतर खाली! कोणाले इचारून चढला बे तू?"

भाजीबाजाराच्या मोडावर, म्हणजे वळणावर, भर उन्हात, नाना पिंजरकर काठी आभाळाकडे रोखून ओरडत होते. काठीच्या रेषेत वर पाहिलं, तर शिडीच्या शेवटच्या पायरीवर एक पेंटर लटकला होता. त्याच्या ब्रशातून भगवा रंग ठिबकत होता आणि तो थेट नानांच्या सोला टोपीवर पडत होता. नानांना त्याची शुद्ध नव्हती.

"सरकारचा मानूस हाय मी," पेंटर वरून म्हणाला.

"सरकारचा असशीन नाई तं इंद्राचा असशीन! अकोल्याच्या हद्दीत बोर्डाले हात लावाचा तं नगरपालिकेची परवानगी लागते. परवानगी कुठं हाय? दाखव!"

पेंटरनं ब्रश दाखवला. त्याच्याजवळ तेवढंच होतं.

नाना अकोला नगरपालिकेचे ओव्हरसियर आणि मी त्यांच्या समोरच्या टेबलावरचा कारकून. माणूस अंगानं इतका बारीक, की काठी भिंतीला टेकवून ते बाजूला उभे राहिले तर आधी काठी दिसायची. पण आवाज! देवानं हा आवाज घडवला तो एखाद्या इंजिनासाठी, आणि ऐन वेळी पार्सल चुकलं. नानांनी मोडावर "थांब!" म्हटलं, की स्टेशनातून सुटलेली नागपूर पॅसेंजर मूर्तिजापूरच्या अलीकडे थांबायची, असं मी शपथेवर सांगतो. गार्डाला मी प्रत्यक्ष विचारलेलं नाही, पण गाडी उशिरानं पोचायची हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

ज्या बोर्डावरून हे चाललं होतं, त्या बोर्डाची हकिकत आधी सांगितली पाहिजे. पत्र्याचा, दुमजली घराएवढा, सागाच्या दोन खांबांवर उभा असलेला सरकारी प्रचाराचा बोर्ड होता तो. त्यावर एक हसरा शेतकरी, हातात कणसं घेऊन. आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हा नागपूरहून माणसं येऊन तो उभा करून गेली. तेव्हा शेतकऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती आणि खाली हिंदीत उपदेश. मग आम्ही मुंबई राज्यात गेलो. मुंबईहून माणसं आली, टोपीला इस्त्री मारून गेली आणि उपदेश मराठीत आला. मग महाराष्ट्र झाला. आता तिसऱ्यांदा माणूस आला होता आणि शेतकऱ्याला कोल्हापुरी फेटा बांधत होता. आमच्याकडे असा फेटा वरातीतले बँडवाले बांधतात. त्यामुळे तो शेतकरी पेरणी सोडून लग्नात क्लॅरिनेट वाजवायला निघाल्यासारखा दिसायला लागला.

राज्यं तीन झाली, पण तिन्ही राज्यांनी नगरपालिकेला कधी विचारलं नाही. नानांचं दुखणं हे होतं. शहरात बोर्ड कुठं लावायचा, केवढा लावायचा, किती उंच लावायचा, हे ठरवायचं नगरपालिकेनं, असा आमचा नियम. सरकारचं म्हणणं असं, की मोडावरून जाणारा रस्ता राज्याचा, बोर्डही राज्याचा, मग राज्यानं स्वतःच्या अंगणात उभं राहायला शेजाऱ्याची परवानगी का मागावी?

आणि त्या बोर्डाचं बूड तर असं, की ब्रह्मदेवानंही वाटणी करताना डोकं धरावं. रस्त्याच्या कडेनं नाली वाहायची. नालीच्या अलीकडे राज्याचा रस्ता, पलीकडे नगरपालिकेचा भाजीबाजार. बोर्डाचा उजवा खांब नालीच्या रस्त्याकडच्या अंगाला, डावा खांब बाजाराकडच्या अंगाला. नाना हे सगळ्यांना काठीनं समजावून सांगत. "हा पाहा. उजवा पाय सरकारचा. डावा पाय नगरपालिकेचा. मधातून नाली वायते. नाली आपलीच."

त्या दिवशी पेंटर अर्धा फेटा बांधून उतरला. उरलेला अर्धा तो नाना जेवायला गेल्यावर बांधून गेला. म्हणून फेट्याचे दोन रंग झाले.

नानांची काठी वेताची, खाली लोखंडी टोपण. जाईल तिथं ते ठोकत. भिंत ठोकत, पूल ठोकत, टरबूज ठोकत. आवाजावरून त्यांना आतलं कळे. पुतणीसाठी स्थळ बघायला बाळापूरला गेले, तर मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवरचे खांब ठोकत सुटले आणि चहा यायच्या आत उठले. "पोरगा काय पाह्याचा? मधला खांब पोकळ हाय. इथं पोरगी देऊ नका." पोरगी दिली नाही. पुढं ते घर पडलं म्हणतात. मी पडलेलं पाहिलं नाही, पण नाना सांगत तेव्हा दर वेळी ते पडलेलंच असायचं, आणि दर वेळी थोडं जास्त.

मात्र ठोकण्याचा एक कायदा होता. दुसऱ्या खात्याच्या हद्दीत काठी लावायची नाही. एकदा ऑफिसची मंडळी चिखलदऱ्याला गेलो. कड्यावर जंगलखात्याची पाटी होती, 'पुढे दरी आहे', आणि ती इतकी कलली होती की तिच्यावरचा बाण आभाळात दरी दाखवत होता. मी म्हटलं, "नाना, ठोकून पाहा बरं, हलते का." नानांनी काठी काखेत मारली. "जंगलखात्याची हाय. हद्द म्हंजे हद्द." दरीत कोणी पडलं असतं तरी त्यांनी आधी तो कोणाच्या हद्दीत पडला ते पाहिलं असतं.

आणि परवानगीचा नियम फक्त परक्यांसाठी नव्हे. माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दारावर हातभर पाटी लावली, 'शिवणकाम शिकवले जाईल'. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या शिपायानं माईंच्या हातात नोटीस दिली. खाली सही नानांची. माईंनी नोटीस वाचली, घडी केली आणि संध्याकाळी नानांच्या ताटात वाढली. भाकर मिळाली ती पाटी मंजूर झाल्यावर.

तर असा माणूस, आणि असा बोर्ड. एवढ्यावर भागलं असतं, तर मी हे हसत हसत सांगून मोकळा झालो असतो. पण त्या बोर्डाखाली माणसं बसत.

अकोल्याचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगू! वैशाखात आमच्याकडे कावळे उडत नाहीत, भिंतीच्या सावलीनं चालत जातात. बाजारात झाड नाही, छप्पर नाही. एकच सावली, त्या बोर्डाची. तिच्यात माळणी बसत. सावली जशी सरके तशा त्याही भाजीच्या पाट्या ढकलत सरकत. सकाळी एका अंगाला असलेला बाजार तिसऱ्या प्रहरी दुसऱ्या अंगाला गेलेला असे. कोणाच्या शेजारी कोण, हे मात्र ठरलेलं. सासूची जागा सुनेला मिळे. दुपारी सावली अगदी आखडून खांबाशी येई, तेव्हा सगळ्यांत दाट जागा डाव्या खांबाच्या बुडाशी, आणि ती गोदामायची. तिच्या सासूचीही तीच होती. गोदामायनं त्या खांबाला खिळा ठोकून तागडी अडकवली होती. नाना तो खिळा पाहत आणि दुसरीकडे बघत. नगरपालिकेच्या हद्दीत विनापरवाना ठोकलेला तेवढा एकच खिळा त्यांनी सोडला.

त्या वर्षी कापसाच्या हंगामात एका गाडीचा बैल बुजला. गाडी उलटी फिरली आणि गाडीचं चाक धाडदिशी डाव्या खांबावर बसलं. खांब उभा राहिला, पण बुडाशी उभी चीर गेली. नाना धावत आले, चष्मा कपाळावर नेला, खांब ठोकला. बद्द आवाज आला. मग काठी लावून त्यांनी चीर खालपासून वरपर्यंत मापली.

पंधरवड्याच्या आत सरकारचे मजूर बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, घेऊन आले. दोन्ही खांबांना टेकू द्यायचा हुकूम होता त्यांना. आणि इथं नानांनी काय करावं?

"परवानगी?"

मुकादम म्हणाला, "साहेब, टेकूच तं द्याचा हाय."

"टेकू कुठं रोवशीन? नगरपालिकेच्या जमिनीत ना? अर्ज करा. आज अर्ज, उद्या मंजुरी. मी सोता आणून देतो."

अर्ज करायचा म्हणजे नगरपालिकेची सत्ता मान्य करायची. ते सरकारला परवडणारं नव्हतं. मजूर बल्ल्या घेऊन परत गेले. नाना मिशीत हसत होते. मी आजही म्हणतो, त्या दिवशी नाना जिंकले आणि तिथंच सगळं फसलं.

उन्हाळा चढायला लागला तसा वारा सुटू लागला. संध्याकाळी पत्रा धडधडायचा, चीर कुरकुरायची. नानांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे बोर्ड उतरवायची परवानगी मागितली. अध्यक्ष भला माणूस, वकील होता. ते म्हणाले, "नाना, सरकारच्या बोर्डाला हात लावला तर नगरपालिका बरखास्त करून प्रशासक बसवतील. वाटच पाहून राहिले ते. नगरपालिका राहिली तर बोर्ड कधीतरी काढता येईल. बोर्ड काढला तर नगरपालिकाच राहणार नाही." एवढं बोलून ते थंड हवा खायला चिखलदऱ्याला निघून गेले.

मग नानांनी मला बरोबर घेतलं आणि बडनेऱ्यावरून अमरावती गाठली. बांधकाम खात्याचं मोठं ऑफिस तिथं. नवे साहेब पुण्याकडचे होते. गोरेपान, मृदू, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला.

"हे पहा पिंजरकर, फलक शासनाचा आहे. शासनाला परवानगी कसली हो?"

"साहेब, शासनाची गाय बाजारात शिरून वांगे खाऊन राहिली, तं मी तिले कोंडवाड्यात घालतो का नाई? का तिच्या शिंगावर राज्याचा शिक्का पाह्यतो?"

साहेबांचा चेहरा आंबट झाला. असं बोलणं त्यांनी बहुधा फक्त टांगेवाल्यांकडून ऐकलं होतं.

"तो बोर्ड पडन, साहेब. खाली बाया बसतात."

"तुमच्या हद्दीत बसतात. त्यांना उठवा."

"उठून जातीन कुठं? दुसरी सावली दाखवा!"

"सावली हा या खात्याचा विषय नाही. आणि आम्ही टेकू द्यायला माणसं पाठवली होती. ती कोणी परत पाठवली?"

नानांच्या काठीचं टोपण फरशीवर एकदा वाजलं. बस. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

साहेब उठले. "तुमच्या हद्दीतला पाय तुम्ही बघा. आमच्या हद्दीतला पाय मजबूत आहे. फलकाला मात्र हात लावू नका. लावलात, तर नोकरी तुमची जाईल आणि नगरपालिका तुमच्या अध्यक्षांची."

परतीच्या गाडीत नाना बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत गप्प होते. शेजारच्या बाकावरची लेकरं बिनघोर झोपली होती, यावरून ओळखा.

त्याच संध्याकाळी वावटळ आली. अकोल्याच्या वावटळीनं एकदा एका टांग्याला घोड्यासकट उचलून पातूरच्या वाटेवर ठेवलं होतं. ही तेवढी मोठी नव्हती. पण बोर्ड डुलला. सगळ्या बाजारानं पाहिलं, शेतकरी कणसांसकट एकदा बाजाराकडे वाकला आणि परत उभा राहिला. सकाळी त्या चिरेत माझी बोटं जात होती.

नाना त्या दिवशी ऑफिसात आलेच नाहीत. ते थेट मोडावर आले. बरोबर एक सुतार, नगरपालिकेचे दोन मजूर, दोरखंड आणि जकात नाक्यावरची भली मोठी ताडपत्री. मला त्यांनी एक लाल फडकं दिलं. "तू रस्ता अडव. येष्टी आली तं आडवा झोप."

"नाना, साहेब काय म्हणाले..."

"साहेब म्हणाले, तुमच्या हद्दीतला पाय तुमी पाहा. मी पाहूनच राहिलो." त्यांनी सुताराला डावा खांब दाखवला. "हा पाय आपला. बोर्डाले हात लावाचा नाई. फक्त आपला पाय कापाचा."

बेत असा होता. वरून दोर बांधायचे, डावा खांब कापायचा, आणि मजबूत उजव्या खांबाच्या आधारानं बोर्ड हळूहळू रस्त्याकडे कलवत उतरवायचा. पण आधी बाया उठायला हव्या होत्या, आणि बाया उठेनात. नानांनी याआधी त्यांना बोर्ड पडण्याची भीती इतक्यांदा घातली होती, की आता त्यांना ती कोंबड्याच्या आरवण्यासारखी वाटायची.

"पडला नाई ना अजून?" गोदामाय म्हणाली. "माह्या सासूच्या आंगावर पडला नाई, माह्याच आंगावर कावून पडन?"

"गोदामाय, खांब चिरला हाय वं!"

"मंग सांधा त्याले. तुमी तं ओव्हरसियर हा. उठाले मलेच कावून सांगून राहिले?"

नाना ओरडले नाहीत. त्यांनी रस्त्यापलीकडच्या वठलेल्या निंबाला ताडपत्री बांधली. ऐसपैस सावली पडली. आधी एक म्हातारी तिकडे गेली, मग तिची सून, मग सगळा बाजार पाट्या उचलून रस्ता ओलांडू लागला. जागेवरून तिथंही भांडणं झाली, पण गिऱ्हाईक तिकडे वळलं. गोदामाय एकटी वांग्यांच्या ढिगाआड बसून राहिली. घटकाभर कोणी तिला भाव विचारेना, तेव्हा तिनं पाटी डोक्यावर घेतली, नानांच्या अंगावरून जाताना म्हणाली, "उतरवला का मंग सांगा, मी पयली येऊन बसते," आणि रस्त्यापलीकडे गेली.

करवत चालू झाली. मी फडकं धरून उभा. एक बस थांबली, मागं बैलगाड्या थांबल्या. करवतीचा आवाज आणि दोर ताणल्याचा आवाज. खांब अर्धा कापला गेला असेल नसेल, आणि मी पाहिलं, गोदामाय परत येत होती. सरळ, सावकाश, डाव्या खांबाकडे. तिची तागडी खिळ्यालाच राहिली होती.

त्याच क्षणी कडाड आवाज झाला. डाव्या खांबातून नव्हे. उजव्या.

"थांब!"

मी आजवर नानांच्या आवाजाबद्दल पुष्कळ वाढवून सांगितलं, या कागदावरही सांगितलं. या एका वेळेचं मात्र वाढवत नाही. गोदामाय जागच्या जागी थिजली. तिचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. बसमधली माणसं थिजली, बैल थिजले. सुतार करवत टाकून उडाला. आणि तो हसरा शेतकरी, दोरांना हिसडा देऊन, रस्त्याकडे नव्हे, बाजाराकडे, तिच्या जागेवर, आडवा झाला. वाऱ्याचा झोत तिच्या लुगड्याला लागला. धूळ खाली बसली तेव्हा तिच्या पावलापुढं हातभर अंतरावर पत्र्याची कड होती.

नाना नालीपाशी गेले. उजव्या खांबाचं बुंध जमिनीत उभं होतं. ते बाहेरून सागाचं होतं आणि आतून वाळवीची माती. नुसती माती. सुतारानं कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर काढून दाखवली. इतकी वर्षं नाना त्या मोडावरून रोज जात, रोज डावा खांब ठोकत. उजव्याला त्यांची काठी कधी लागलीच नव्हती.

पुढचं लवकर आटपलं. सरकारी मालमत्तेच्या नासधुशीची चौकशी लागली. अमरावतीचे साहेब येऊन पाहून गेले आणि म्हणाले, खांब कापला नसता तर फलक उभा राहिला असता. अध्यक्ष चिखलदऱ्याहून उतरले आणि त्यांनी लिहून दिलं, की ओव्हरसियरनं हे स्वतःच्या मनानं केलं. नगरपालिका वाचली. नाना घरी बसले. चौकशीत त्यांना विचारलं होतं, कोणाच्या परवानगीनं? आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्याला विचारलेल्या माणसानं मान खाली घालून सांगितलं, "घेतली नाई."

नवा बोर्ड लागला नाही. परवानगी कोणी द्यायची यावर अमरावती आणि अकोल्याची पत्रं चालूच होती. ताडपत्री नाक्यावर परत गेली, कारण पावसाळ्यात माल झाकायला लागते. माळणी पुन्हा जुन्या जागी येऊन बसल्या. डोक्यावर पदर, पदरावर ओलं फडकं.

मोडावर मी नानांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात. टोपी तीच, काठी तीच. त्यांनी मला पाहिलं नाही. ते नाली ओलांडून रस्त्याच्या अंगाला गेले, उजव्या खांबाचं उरलेलं बुंध त्यांनी काठीनं ठोकलं. एकदा. कान देऊन थोडा वेळ उभे राहिले. मग परत नाली ओलांडून गोदामायकडून वांगी घेतली, भाव केला नाही, आणि उन्हातून चालू लागले.

ते वळणाआड गेल्यावर मी गोदामायजवळ गेलो. ती मेथीवर पाणी शिंपडत होती. म्हटलं, "गोदामाय, त्या दिवशी नानांनी जीव वाचवला तुमचा."

तिनं वर पाहिलं नाही.

"वाचवला," ती म्हणाली. "पण सावली नेली."